शिक्षक पाठवा, पण नाव बदलून

१९९३ साली १८ अमेरिकन माणसं चीनच्या सिचुआन प्रांतात येऊन दाखल झाली. काम साधं होतं. आडगावच्या अध्यापक महाविद्यालयांत दोन वर्षं राहायचं आणि इंग्रजी शिकवायचं. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेचं नाव पीस कॉर्प्स. जगभर ती याच नावाने ओळखली जाते, चीनमध्ये मात्र हे नाव चालणार नव्हतं. तिथे कागदोपत्री ही मंडळी होती ‘अमेरिका-चीन मैत्री स्वयंसेवक’. पीस कॉर्प्सचं सरळ चिनी भाषांतर शांतिदल असं होतं. ऐकायला किती निरुपद्रवी! पण साठच्या दशकात चिनी वृत्तपत्रांनी याच शांतिदलाला अमेरिकी साम्राज्यवादाचं हत्यार म्हणून एवढं झोडपलं होतं की तीस वर्षांनंतरही तो शब्द कानाला खटकत होता. मग तोडगा निघाला. शिक्षक तेच, खर्च करणारे तेच, पाटी तेवढी नवी.

शैक्षणिक देवाणघेवाण म्हटलं की आपल्याला दोन झेंडे, हसरे चेहरे आणि एक सामूहिक फोटो आठवतो. प्रत्यक्षात हा व्यवहार असतो, आणि प्रत्येक व्यवहारासारखी त्यातही घासाघीस असते. कोण येणार, कुठे राहणार, काय शिकवणार, काय बोलायचं नाही, आणि यातून कुणाला काय मिळणार. अमेरिका आणि चीन यांच्यातला हा व्यवहार २७ वर्षं चालला, १,३०० हून जास्त स्वयंसेवक येऊन गेले, आणि २०२० साली तो संपला. तो कसा चालायचा आणि का मोडला, हे जरा उलगडून पाहू.

आधी पीस कॉर्प्सबद्दल. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ती सुरू केली. ही धर्मादाय संस्था नव्हे, अमेरिकी सरकारचं खातं आहे. स्वयंसेवकाला पगार मिळत नाही, त्या गावात साधेपणाने राहण्यापुरता भत्ता मिळतो. उद्दिष्टं तीन. यजमान देशाला हव्या असलेल्या कामासाठी माणसं पुरवायची, तिथल्या लोकांना अमेरिकन माणूस जवळून दाखवायचा, आणि तिसरं म्हणजे त्या लोकांची ओळख अमेरिकेत परत न्यायची. हे तिसरं कलम सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. चीनच्या बाबतीत तेच सगळ्यात भारी ठरलं.

आपल्याकडेही हे लोक येऊन गेले आहेत. १९६१ पासून १९७६ पर्यंत पीस कॉर्प्सचे ४,००० हून अधिक स्वयंसेवक भारतात होते. त्यांतल्या एक आजीबाई, वय ६८, पेशाने परिचारिका, १९६६ मध्ये मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत कामाला आल्या. लिलियन कार्टर त्यांचं नाव. दहा वर्षांनी त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला.

चीनमध्ये ही माणसं खरं तर १९८९ मध्येच यायची होती. सगळं ठरलं होतं. तेवढ्यात जूनमध्ये तिआनमेन चौकात रणगाडे आले आणि बेत बारगळला. चार वर्षांनी, तेही गाजावाजा न करता, पहिली तुकडी आली. दोन्ही सरकारांमधला रीतसर करार तर १९९८ मध्ये झाला. म्हणजे पहिली पाच वर्षं हे काम एक प्रकारे ‘करून बघू’ या बोलीवरच चाललं होतं.

चीनचा हा संशय नुसत्या कम्युनिस्ट प्रचारातून आला, असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्याची मुळं शंभर-सव्वाशे वर्षं खोल आहेत. १८७२ पासून चार वर्षांत चिंग घराण्याच्या सरकारने १२० मुलगे शिकायला अमेरिकेत, कनेटिकट राज्यात आणि आसपास पाठवले. कल्पना युंग विंग या गृहस्थांची. येल विद्यापीठातून १८५४ मध्ये पदवी घेणारे ते पहिले चिनी. पोरं तिथल्या घरांत राहिली, शाळेत गेली, बेसबॉल खेळू लागली. काहींनी वेण्या कापल्या, काही ख्रिस्ती झाले. वेणी ही राजनिष्ठेची खूण होती, त्यामुळे पेकिंगमधल्या दरबाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. शेंडी आणि समुद्रपर्यटन यांवरून आपल्याकडे त्याच शतकात उठलेली वादळं ज्यांना माहीत आहेत, त्यांना ही घालमेल वेगळी समजावून सांगायला नको. तिकडे अमेरिकेनेही या मुलांना आपल्या लष्करी विद्यालयांत घ्यायला नकार दिला. १८८१ मध्ये सगळ्यांना परत बोलावलं गेलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला.

याच्या उलट दिशेने मिशनरी जात होतेच. अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजमधून चीनच्या शान्शी प्रांतात गेलेले मिशनरी १९०० मध्ये, परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावात मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ पुढे ताइगू या गावात शाळा उभी राहिली आणि १९०८ मध्ये ओबरलिनमध्ये तिच्या मदतीसाठी संस्था निघाली. येलच्या मंडळींनी १९०१ मध्ये आपली संस्था काढली आणि १९०६ मध्ये हुनान प्रांतातल्या छांगशा शहरात ‘याली’ नावाची शाळा सुरू केली. हे नाव म्हणजे येलचाच चिनी उच्चार, पण अक्षरं अशी निवडली की अर्थ निघावा सुसंस्कृतपणा आणि शिष्टाचार, आणि कन्फ्यूशियसच्या वचनाचीही आठवण यावी. नाव बदलून घरात शिरण्याची युक्ती इतकी जुनी आहे! येलमधून नुकते बाहेर पडलेले तरुण दोन वर्षांसाठी तिथे इंग्रजी शिकवायला जात. याच संस्थेकडून १९२० मध्ये एका स्थानिक तरुणाने आपल्या पुस्तकदुकानासाठी खोल्या भाड्याने घेतल्या. तरुणाचं नाव माओ त्से-तुंग. त्याचीच राजवट आल्यावर शाळा सरकारजमा झाली, याली हे नाव पुसलं गेलं, आणि ते परत मिळायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं.

एकोणिसाव्या शतकातल्या चिनी सुधारकांचं एक सूत्र होतं: गाभा चिनी, वापरापुरतं पाश्चात्त्य. जहाज बांधायची विद्या घ्या, पण जहाजाबरोबर येणारं बाकीचं सामान बंदरावरच अडवा. राजवटी बदलल्या, सूत्र राहिलं. १९९३ मध्ये पाटी बदलली ती याच हिशेबाने. इंग्रजी आत यावं, बाकीचं दाराशी थांबावं.

आता प्रत्यक्ष काम. स्वयंसेवक शांघायला किंवा बीजिंगला जात नसत. त्या शहरांकडे पैसा होता, परदेशी शिक्षक ती स्वतः नेमू शकत होती. पीस कॉर्प्सला दिलं गेलं पश्चिमेकडचं, आतलं चीन. आधी सिचुआन, मग ग्वेइचौ, गान्सू, आणि १९९७ मध्ये सिचुआनमधून वेगळं निघालेलं चोंगचिंग. मुख्य कार्यालय छंगदूला. आल्या आल्या तिथे दोन-अडीच महिने प्रशिक्षण असे. सकाळी चिनी भाषा, दुपारी शिकवण्याचे धडे, आणि पुढच्या वर्षांत बऱ्याच जणांचा मुक्काम एखाद्या चिनी कुटुंबात. नंतर दोन वर्षं एकाच गावात, एकाच महाविद्यालयात.

शाळा सोडून अध्यापक महाविद्यालयंच का निवडली, यामागे साधा गुणाकार आहे. समजा, एक स्वयंसेवक वर्षाला शंभर मुलांना शिकवतो. ती मुलं पदवी घेऊन खेड्यातल्या माध्यमिक शाळांत शिक्षक होणार, आणि त्यांच्या प्रत्येक वर्गात पन्नास-साठ पोरं असणार. म्हणजे एका माणसाचे उच्चार काही वर्षांत हजारो तोंडांपर्यंत पोचतात. त्या काळात हे विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचे. फी नाममात्र, आणि शिकून झालं की सरकार सांगेल त्या गावच्या शाळेत नोकरी. आपल्याकडे एके काळी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागण्याची जी वाट होती, साधारण तशीच. फरक इतकाच की गाव निवडायची मुभा नाही.

प्रत्येक महाविद्यालयात ‘वाइबान’ नावाचं कार्यालय असे. परदेशी माणसांचा कारभार पाहणारं खातं. राहायची जागा, नळाची गळती, व्हिसाचे कागद, पोलिसांकडची नोंद, सणाची मेजवानी, सगळं तिथून. शिवाय पाहुणा काय करतो, कुणाला भेटतो, याकडेही लक्ष. म्हणजे यजमान आणि पहारेकरी एकाच खुर्चीत. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण त्या खुर्चीतल्या माणसाची अडचण समजून घ्यायला हवी. पाहुणा आजारी पडला तरी जबाबदार तोच, आणि पाहुणा वर्गात भलतंच काही बोलला तरी जबाबदार तोच.

भलतं म्हणजे काय, हे परदेशी शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात कळायचं. त्यांच्यात ‘तीन टी’ असा शब्दच रूढ होता, आणि मराठीतही ते तिन्ही विषय एकाच अक्षराने सुरू होतात: तिबेट, तैवान, तिआनमेन. या तीन ‘त’ना हात लावायचा नाही. बाकी हवामान, खाणंपिणं, ख्रिसमस, कुटुंब, नोकरीची स्वप्नं, सगळं खुलं. मौज म्हणजे माणसं एकमेकांना ओळखू लागतात ती या बाकीच्यातूनच. कुणाला किती भावंडं, कुणाचा बाप शहरात बांधकामावर गेलाय, आजीला कुणी सांभाळायचं, मुलीने कुणाशी लग्न करायचं, या गप्पांना कुठलं वाइबान आवर घालणार?

वर्गातली विभागणीही ठरलेली. व्याकरण आणि धड्याचा कीस पाडणं चिनी शिक्षकांकडे, बोलण्याचा तास परदेश्याकडे. कारण चीनमध्ये इंग्रजीचा एक रोग सगळ्यांना ठाऊक होता आणि त्याला नावही होतं, ‘याबा यिंग्यू’, म्हणजे मुकं इंग्रजी. वाचता येतं, लिहिता येतं, परीक्षेत गुण मिळतात, तोंडातून मात्र शब्द फुटत नाही. महाविद्यालयीन प्रवेशाच्या ‘गाओखाओ’ या परीक्षेत इंग्रजीला चिनी आणि गणिताइतकेच, १५० गुण. पण या गुणांसाठी बोलता यावं लागत नाही. जे तपासलं जात नाही ते शिकलं जात नाही. यावर मराठी माध्यमात शिकलेल्या कुणाही माणसाला भाष्य करायची गरज नाही. मुलाखतीच्या दारात जीभ टाळूला चिकटते तो अनुभव आपलाही आहे.

मग अमेरिकन शिक्षक वर्गात यायचा आणि उत्साहाने विचारायचा, ‘यावर तुमचं मत काय?’ वर्ग गप्प. तो पुन्हा विचारायचा. वर्ग आणखी गप्प, माना खाली. नवख्याला वाटायचं, पोरांना मत नाही. खरी गोष्ट वेगळी होती. चिनी महाविद्यालयात एक तुकडी म्हणजे एक कुटुंबच. तेच तीस-चाळीस जण सगळी वर्षं एकत्र, तासाला शेजारी, वसतिगृहात एकाच खोलीत सहा-आठ जण. वर एक वर्गप्रमुख, त्याला ‘बानजांग’ म्हणतात, आणि तो आपल्या मॉनिटरपेक्षा बराच वजनदार. अशा ठिकाणी चुकीचं उत्तर तासापुरतं राहत नाही, रात्री खोलीतही सोबतीला येतं. शिवाय इतरांच्या आधी हात वर करणं म्हणजे मिरवणं. चौघांचे गट पाडले, नाटुकलं बसवायला दिलं, दुसऱ्याच्या नावाने बोलायला सांगितलं, की हीच मुलं धबधब्यासारखी बोलू लागत. गप्प बसण्याचं कारण भाषेपेक्षा बसण्याच्या व्यवस्थेत जास्त होतं. हे ध्यानात यायला स्वयंसेवकाला एक सत्र जायचं.

दुसरा धडा पाठांतराचा. चिनीत पाठ करण्याला ‘बेइ’ म्हणतात, आणि त्याच अक्षराचा अर्थ पाठ, म्हणजे शरीराची मागची बाजू. गुरुजींकडे पाठ करून उभं राहायचं आणि धडा घडाघडा म्हणायचा. मराठीतही आपण धडा ‘पाठ’च करतो. व्युत्पत्ती वेगळी, पण योगायोग गोड आहे. सकाळी सहा-सातला महाविद्यालयाच्या आवारात मुलं झाडाखाली, जिन्यात, भिंतीकडे तोंड करून मोठ्याने वाचत फिरताहेत, हे दृश्य पाहून अमेरिकन चक्रावून जात. त्यांच्या शिक्षणशास्त्रात घोकंपट्टी म्हणजे अडाणीपणा. पण जो वर्ग ‘मत काय’ म्हटल्यावर मुका होतो, तोच हजार वर्षांपूर्वीच्या कविता एका सुरात म्हणतो, आणि त्या कवितेतल्या एकेका शब्दावर मग बोलूही शकतो, हे पाहिल्यावर काहींना आपल्या शास्त्राचा फेरविचार करावासा वाटला. पावकी-निमकीपासून मनाच्या श्लोकांपर्यंत पाठ असलेली आपली आजी-आजोबांची पिढी आठवा. त्या पाठांतरातलं सगळंच टाकाऊ नव्हतं, आणि सगळंच ज्ञानही नव्हतं.

नावांचीही अदलाबदल होई. स्वयंसेवकाला पहिल्याच आठवड्यात चिनी नाव मिळायचं. विद्यार्थी इंग्रजी नावं घ्यायचे, कधी शब्दकोशातून उचलून. मग वर्गात ॲपल असते, समर असते. हसू येतं खरं, पण परक्या भाषेत वेगळं नाव घेतलं की जीभ थोडी धीट होते. चूक ॲपलची असते, आपली नसते.

पण या सगळ्यात मला कळीची वाटते ती दोन वर्षांची अट. फूलिंगचं उदाहरण घ्या. यांगत्से नदीच्या काठी डोंगरावर चढत गेलेलं गाव. १९९६ मध्ये पीटर हेसलर हा स्वयंसेवक तिथल्या अध्यापक महाविद्यालयात आला तेव्हा तिथे रेल्वे नव्हती. तो आला बोटीने. गावात परदेशी म्हणून तो आणि त्याचा सहकारी, बस. बाजारात गेलं की भोवती घोळका जमायचा. अशा ठिकाणी दोन आठवडे काढले तर माणूस गंमतीजमती घेऊन परततो. दोन वर्षं काढली की गंमत संपते, कंटाळा येतो, भांडणं होतात, नूडलवाल्याशी ओळख होते, सिचुआनी बोली कानात बसते आणि प्रमाण चिनी बोलायची लाज वाटू लागते. हेसलर पुढे चीनवर लिहिणारा नामवंत लेखक झाला, आणि नव्वदच्या दशकातल्या त्या विद्यार्थ्यांशी त्याने पुढची पंचवीस वर्षं पत्रव्यवहार ठेवला.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव चीनमध्ये अजून घेतलं जातं, त्याचं कारणही मला इथेच सापडतं. १९३८ मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पाचही जणांनी जिवावर उदार होऊन काम केलं. बाकीचे एकेक करून परतले. कोटणीस राहिले, चिनी शिकले, त्या भाषेत वैद्यकाचे वर्ग घेतले, तिथेच संसार मांडला आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. लोक पाहुण्याचे आभार मानतात. पुतळे राहिलेल्याचे उभारतात.

पीस कॉर्प्सच्या मुक्कामातून निघालेली माणसं पाहा. फूलिंगच्याच पुढे यांगत्सेकाठच्या वानचौमध्ये शिकवलेला जेक हूकर पुढे न्यूयॉर्क टाइम्ससाठी लिहू लागला आणि चीनमधून निर्यात होणाऱ्या औषधांतल्या विषारी घटकांचा माग काढणाऱ्या वृत्तमालेसाठी त्याला २००८ चं पुलित्झर विभागून मिळालं. झिगोंगमध्ये शिकवलेला रॉब श्मिट्झ रेडिओचा चीनमधला वार्ताहर झाला. अमेरिकन परराष्ट्र खात्यात, विद्यापीठांत असे आणखी कितीतरी. इंग्रजी शिकवायला पाठवलेल्या पोरांनी परत आणली ती चिनी भाषा. ते तिसरं कलम म्हणतो ते हेच. हिशेबाच्या वहीत मात्र ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. चिनी बाजू विचारणार, आमचं इंग्रजी किती सुधारलं? अमेरिकी बाजू विचारणार, आम्ही किती मदत केली? अमेरिकेला स्वतःलाच काय मिळालं, हे तिथल्या लोकप्रतिनिधींना कुणी नीट सांगितलंच नाही.

इकडे चीन झपाट्याने बदलत गेला. १९९९ पासून महाविद्यालयांतल्या जागा भराभर वाढवल्या. २००१ मध्ये ऑलिंपिक मिळालं, जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचं धोरण आलं. (महाराष्ट्रात त्याच्या एक वर्ष आधी पहिलीपासून इंग्रजी आलं होतं. या शर्यतीत आपण पुढे होतो म्हणायचं!) २०१९ पर्यंत महाविद्यालयीन वयाची निम्म्याहून जास्त मुलं उच्च शिक्षणात पोचली. शेतकऱ्याच्या घरातून येऊन, सरकारी नेमणुकीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जागी एकुलती एक, मोबाइलवर इंग्रजी मालिका पाहणारी मुलं बाकांवर आली. गान्सूच्या कोरड्या डोंगरांत गरज अजून होती. छंगदूत ती आहे असं म्हणणं अवघड होत चाललं होतं.

खेड्यांतल्या शाळांसाठी २००८ मध्ये आणखी एक प्रयोग सुरू झाला, टीच फॉर चायना. युन्नानसारख्या प्रांतात अमेरिकन आणि चिनी पदवीधर एकत्र पाठवायचे, दोन वर्षांसाठी, थेट शाळेत. काही वर्षांत त्यातले अमेरिकन कमी होत गेले आणि संस्था पूर्ण चिनी झाली. नावही आता ‘मेइली चुंगक्वो’, म्हणजे सुंदर चीन. मला यात वाईट काही दिसत नाही. डोंगरातल्या चौथीच्या वर्गाला चिनी न येणारा बावीस वर्षांचा अमेरिकन द्यावा, की जवळच्या प्रांतातली हुशार पदवीधर मुलगी द्यावी? शाळेचा विचार केला तर उत्तर सरळ आहे. त्यात परदेशी शिक्षकांना पदवी आणि वर दोन वर्षांचा अनुभव हवा, असे कामाच्या परवान्याचे नियम कडक झाले. नुकता पदवीधर झालेला, अननुभवी, उत्साही स्वयंसेवक हा प्राणीच नियमात बसेना.

२०१७ च्या १ जानेवारीपासून परदेशी संस्थांसाठी नवा कायदा लागू झाला. त्यांची नोंदणी आणि देखरेख समाजकल्याण खात्याकडे नव्हे, सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे, म्हणजे सरळ पोलिसांकडे. पाटी बदलून भागण्याचे दिवस संपले होते.

तोच संशय पलीकडेही उगवला होता, आणि तो आरशात पाहिल्यासारखा आहे. चीनही अमेरिकेत स्वयंसेवक शिक्षक पाठवत होता. कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट नावाची केंद्रं विद्यापीठांत उघडून तिथे चिनी भाषा, सुलेखन, सणवार शिकवायचे. पहिलं २००४ मध्ये मेरीलँड विद्यापीठात निघालं, पुढे शंभराच्या वर गेली. तिथेही तीन ‘त’चा विषय निघत नाही, ही तक्रार सुरू झाली. २०१८ मध्ये कायदा झाला की असं केंद्र ठेवणाऱ्या विद्यापीठाला चिनी भाषेच्या वर्गांसाठी संरक्षण खात्याचा पैसा मिळणार नाही. केंद्रं पटापट बंद पडली. २०२३ पर्यंत पाचसुद्धा उरली नाहीत. चीनने शंभर वर्षं ज्या भीतीने मिशनरी शाळांकडे पाहिलं, तीच भीती आता अमेरिकेत सिनेटरांच्या भाषणात ऐकू येत होती.

पीस कॉर्प्सवरही रोख वळला. फ्लोरिडाचे सिनेटर रिक स्कॉट यांचा सवाल होता की जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेला अमेरिकन करदात्याच्या पैशाने शिक्षक का पुरवायचे? सवाल सभेत टाळी घेणारा आहे. उत्तर तिसऱ्या कलमात होतं, पण ते टाळीचं नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं की चीनमधलं काम बंद. संस्थेच्या भाषेत चीन ‘उत्तीर्ण’ झाला होता. परीक्षा कुणी घेतली, ते विचारू नये.

ठरल्याप्रमाणे चालू तुकडी आपला काळ पूर्ण करून निघणार होती. पण त्याच महिन्यात वुहानमधली साथ पसरली आणि स्वयंसेवकांना घाईघाईने थायलंडला हलवण्यात आलं. २००३ मध्ये सार्सच्या वेळीही असंच जावं लागलं होतं, तेव्हा पुढच्या वर्षी परतता आलं. या वेळी परतायला काही उरलं नव्हतं. मार्चमध्ये तर जगभरचे सुमारे ७,००० स्वयंसेवक माघारी बोलावले गेले. जुलैमध्ये अमेरिकेने चीन आणि हाँगकाँगसाठीची फुलब्राइट ही आपली सरकारी शिष्यवृत्ती बंद केली. त्याच महिन्यात अमेरिकेने ह्यूस्टनची चिनी वकिलात बंद करायला लावली, आणि बदल्यात चीनने छंगदूची अमेरिकन वकिलात बंद केली. ज्या शहरात १८ जण उतरून ही गोष्ट सुरू झाली होती, तिथेच.

विद्यार्थ्यांचे आकडे पाहा. २०१८-१९ मध्ये चीनमध्ये शिकणारे अमेरिकन विद्यार्थी ११,००० हून जास्त होते. २०२२-२३ मध्ये ते ४६९ होते. उलट दिशेने, अमेरिकेत शिकणारे चिनी विद्यार्थी २०२३-२४ मध्ये २,७७,००० च्या वर होते. त्या वर्षी त्यांचा पहिला क्रमांक गेला तो भारतीयांमुळे, हे पुण्या-नाशकातल्या अनेक घरांना आकडा न बघताही माहीत असेल. म्हणजे एका देशात दुसऱ्याची भाषा येणारी माणसं लाखांनी तयार होताहेत, आणि दुसऱ्यात चारशे एकोणसत्तर.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शी जिनपिंग यांनी जाहीर केलं की पाच वर्षांत ५०,००० अमेरिकन तरुणांना चीनमध्ये बोलावू. तेव्हापासून शाळा-महाविद्यालयांच्या टोळ्या येताहेत. बहुतेकांचा मुक्काम दिवसांत किंवा आठवड्यांत मोजायचा. भिंत, राजवाडा, एखादी नमुनेदार शाळा, डंपलिंग बनवण्याचा तास, सामूहिक फोटो. त्यांतल्या कुणाला फूलिंग पाहायचं असेल तर आता बोट लागत नाही. चोंगचिंगहून वेगवान रेल्वे तासाभराच्या आत तिथे पोचवते, आणि संध्याकाळच्या गाडीने परतताही येतं.